बाई निवृत्त कधी होते?

२०२५ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. वस्तीतल्या एका मावशींबरोबर मी तहसील कचेरीत गेले होते. मावशींच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जानेवारी १९६०. अर्थात ती कुणीतरी अंदाजानं टाकलेली. मावशींना स्वतःला आठवतं ते एवढंच, की बहात्तरच्या दुष्काळात त्या आईबरोबर खडी फोडायला जात होत्या आणि दुष्काळ सरल्यावर त्यांचं लग्न झालं. खडीपासून सुरू झालेलं काम अजून चालूच आहे. लग्नानंतर शेतमजुरी, मग नवऱ्याबरोबर शहरात येऊन बांधकामावर बिगारी, आणि नवरा वारल्यापासूनची सत्तावीस वर्षं धुणंभांडी. एके काळी सात घरं होती. गुडघे दुखायला लागले तशी एकेक सुटत गेली. आता तीन उरली आहेत. तिन्हींचे मिळून महिन्याला साडेचार हजार येतात.

जुलै २०२४ पासून मावशींना ‘लाडकी बहीण’चे दीड हजार मिळत होते. त्यात गुडघ्याची औषधं आणि गॅस भागत होता. २०२५ उजाडलं आणि पैसे यायचे थांबले. चौकशी केली तेव्हा कळलं, की कागदावर मावशींना पासष्ट पूर्ण झाली. कुणीतरी सांगितलं, ‘आता श्रावणबाळचा अर्ज करा.’ म्हणून आम्ही कचेरीत गेलो. खिडकीतून उत्तर आलं, “कुटुंबाच्या उत्पन्नाचा दाखला आणा. एकवीस हजारांच्या आतला.” मी मनात हिशेब केला. एकट्या मावशींचीच वर्षाची कमाई चोपन्न हजार, मुलाची रोजंदारी वेगळी. बाहेर अर्ज लिहून देणारा एक जण बसला होता. त्यानं चेहऱ्यावरूनच ओळखलं. म्हणाला, “मावशी, काम करते म्हणून सांगायचंच नाही. घरी बसून असते म्हणायचं.”

मावशी तिथं काही बोलल्या नाहीत. बसथांब्यावर आल्यावर म्हणाल्या, “ताई, बारा वर्षांची होते तेव्हापासून राबतेय. आणि आता म्हातारपणी चार पैसे पाहिजेत तर मी कामच केलं नाही असं लिहून द्यायचं व्हय?”

त्यांच्या या प्रश्नानं मला बरेच दिवस सोडलं नाही. आपल्या चळवळीनं ‘बाई काम करते’ हे सिद्ध करण्यासाठी किती वर्षं घालवली! घरकाम हेही काम आहे, शेतात राबणारी बाईही शेतकरी आहे, समान कामाला समान दाम मिळायला हवं, हे सगळं आपण बोललो, लिहिलं, त्यासाठी मोर्चे काढले. पण काम करणारी ही बाई म्हातारी होते तेव्हा काय होतं, याकडे आपण फारसं पाहिलंच नाही. म्हातारपण हा विषय आपण ज्येष्ठ नागरिक संघांवर सोडून दिला. आणि ते संघ प्रामुख्यानं अशा माणसांचे, ज्यांना एका ठरलेल्या तारखेला हार घालून कुणीतरी निवृत्त केलेलं असतं.

सरकार म्हाताऱ्या बाईला कोणत्या नावानं हाक मारतं, ते बघा. पासष्टीपर्यंत ती ‘लाडकी बहीण’. पासष्टीनंतर ती श्रावणबाळाची आई. त्याआधी विधवा किंवा परित्यक्ता असेल आणि फारच गरीब असेल, तर १९८० पासून चालू असलेल्या संजय गांधी योजनेतली ‘निराधार’. बहीण, आई, निराधार. तिन्ही नावांत ती कुणाची तरी कुणीतरी आहे, नाहीतर कुणाचीच कुणी नाही. कामगार हे नाव मात्र तिला एकाही ठिकाणी नाही. गंमत म्हणजे श्रावणबाळ योजनेच्या पूर्ण नावात ‘राज्य निवृत्तिवेतन’ असे शब्द आहेत. पण निवृत्त कशातून, हा प्रश्नच नाही. बघायची ती फक्त गरिबी.

या नात्यांचा व्यवहारही तपासून पाहू. लाडक्या बहिणीच्या कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. श्रावणबाळची मर्यादा वर्षाला एकवीस हजार, म्हणजे महिन्याला साडेसतराशे, आणि तीही अख्ख्या कुटुंबाची. एवढ्यात शहरातलं कुठलं घर चालतं? दोन्हीकडे रक्कम तीच, दीड हजार. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी बाईला सरकार जे देतं, तेच दीड हजार पासष्ट झाल्यावर द्यायचे तर तिनं बारापट गरीब असलं पाहिजे! हातपाय चालत होते तेव्हा ती पात्र, आणि ते थकले तेव्हा अपात्र. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर वाट थोडी सोपी होते. पण त्या याद्या जुन्या. मधल्या काळात गाव सोडून आलेल्या बायकांची नावं ना गावच्या यादीत, ना शहराच्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारनं ‘लाडकी बहीण’मधून पाच लाख बायका अपात्र ठरवल्याचं जाहीर केलं. त्यांत १ लाख १० हजार बायका वयाची पासष्ट वर्षं ओलांडली म्हणून गळल्या होत्या. आमच्या मावशी एकट्या नाहीत.

दीड हजारांना मी कमी लेखत नाही. निवडणुकीच्या तोंडावर दिलेले पैसे म्हणून आपल्यातल्या काही जणी नाक मुरडतात. वस्तीत राहणाऱ्या बाईला विचारा, तिच्या स्वतःच्या खात्यात आलेले पैसे म्हणजे काय असतं ते. पण ओवाळणी आणि हक्क यांत फरक आहे. ओवाळणी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. भाऊ रागावला, त्याची परिस्थिती बदलली, की ती बंद होते. त्यावर दाद मागता येत नाही.

मग कामगार म्हणून या बाईसाठी काहीच नाही का? आहे, कागदावर आहे. महाराष्ट्रानं २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले होते, तो आपला विजयच होता. पण या मंडळात नोंदणी होते अठरा ते साठ या वयात. केंद्र सरकारनं २०२१ साली ई-श्रम कार्ड आणलं, ते सोळा ते एकोणसाठ वयासाठी. २०१९ साली असंघटित कामगारांसाठी पेन्शन योजना आली. दरमहा हप्ता भरला तर साठीनंतर तीन हजार. पण त्यात शिरायचं वय अठरा ते चाळीस. चाळिशी ओलांडलेल्या बाईला दार पहिल्या दिवसापासून बंद. म्हणजे कामगार म्हणून कार्ड असेल तर ते उमेदीच्या वयासाठी, आणि ज्या दिवशी त्याची खरी गरज लागते त्या दिवशी ते संपलेलं!

घरेलू कामगार मंडळानं पंचावन्न पूर्ण केलेल्या नोंदीत बाईला ‘सन्मानधन’ म्हणून एकदाच दहा हजार रुपये देऊ केले. बायकांना ते मिळवून देण्यासाठी आम्हीही धावपळ केली आणि मिळाले तेव्हा पेढे वाटले. पण हिशेब करून बघा. पंचावन्नाव्या वर्षी दहा हजार घेतलेली बाई पंचाहत्तरीपर्यंत जगली, तर तो सन्मान महिन्याला बेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाही. शब्द मात्र भारी. अंगणवाडी सेविकांनाही वर्षानुवर्षं पगार न म्हणता ‘मानधन’ म्हणत आले आहेत. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की त्यांनाही ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे. बाईला मान दिला की दाम द्यायला नको, ही जुनीच युक्ती आहे.

याच्या मुळाशी काय आहे? निवृत्ती ही कल्पनाच पुरुषाच्या आयुष्यावर बेतलेली आहे. विशीत नोकरीला लागायचं, एकाच मालकाकडे तीस-पस्तीस वर्षं सलग करायची, हजेरीपट असतो, फंड कापला जातो, अठ्ठावन्न किंवा साठला निरोप समारंभ. बाईचं काम असं सरळ रेषेत जात नाही. बाळंतपणात सुटतं, सासू आजारी पडली की सुटतं, नवऱ्याची बदली झाली किंवा गाव सोडावं लागलं की सुटतं. पुन्हा मिळतं ते पहिल्यापेक्षा हलकं आणि स्वस्त. शेतात ती आयुष्यभर राबते, पण सातबारावर नाव नवऱ्याचं, म्हणून ती ‘मदत करणारी’. सात घरची कामं करणाऱ्या बाईला सात मालक, आणि तिच्या म्हातारपणाची जबाबदारी मात्र एकावरही नाही.

निवृत्त झालेल्या पुरुषाच्या घरात डोकावलं तरी हेच दिसेल. तो निवृत्त होतो, त्याचा दुपारचा चहा एक जास्तीचा होतो, आणि त्याची बायको तो करत असते. २०२४ च्या सरकारी वेळवापर पाहणीनुसार घरकामात बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. या जवळजवळ पाच तासांच्या कामाला साठीची मर्यादा नाही. उलट सून नोकरीला गेली की नातवंडं आजीच्या अंगावर येतात. बाहेरच्या कमाईचं म्हणाल, तर वृद्धांची जी मोठी देशव्यापी पाहणी २०१७-१८ साली झाली, तिच्यात साठीपुढचे निम्मे पुरुष आणि पाचांतली एक बाई काम करत असल्याचं दिसलं. हे आकडे बघून कुणी म्हणेल, चला, बायका तरी विश्रांती घेतात! त्या विश्रांती घेत नाहीत. एक तर त्यांना बाहेर काम मिळत नाही, नाहीतर त्या करतात ते काम मोजलं जात नाही.

मध्यमवर्गातल्या गृहिणीला निदान नवऱ्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, असं म्हणतात. मिळतं, पण तेही नवऱ्याच्या नोकरीमुळे आणि तिनं त्याची बायको राहण्याच्या अटीवर. ज्या घरातून तिला वीस वर्षांपूर्वी बाहेर काढलं, त्या घरातल्या माणसाच्या कागदांवर आता कुणाचं नाव आहे, हे शोधायलाच परित्यक्तेचं उरलेलं आयुष्य जातं. आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या साठीच्या बायकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो.

आता थोडं आपल्याबद्दल. म्हातारी बाई आपल्या केंद्रांत बहुधा कोणत्या रूपात येते? सासू म्हणून. ऐंशीच्या दशकात हुंडाबळींविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो, १९८३ साली ४९८-अ कलम आलं, तेव्हापासून सासू आपल्या कागदांत आरोपी म्हणूनच जास्त भेटली. तिच्या हातून झालेला छळ खोटा नव्हता, त्याला माफीही नाही. पण ती मुलाच्याच बाजूनं का उभी राहते, हा प्रश्न आपण पुरेसा विचारला का? तिच्यासाठी मुलगा म्हणजे नुसता मुलगा नसतो, तिची पेन्शन असते, तिचा दवाखाना असतो, तिचं घर असतं. सून आली की या सगळ्यात वाटेकरी आली असं तिला वाटतं. ज्या बाईच्या हातात महिन्याचे हक्काचे चार-पाच हजार आहेत, तिला मुलाच्या मर्जीवर आणि सुनेच्या जिवावर जगावं लागत नाही. म्हाताऱ्या बाईचं उत्पन्न हा म्हणूनच सुनेच्याही मुक्तीचा प्रश्न आहे, असं मला वाटतं. मुलगाच हवा हा हट्ट तरी कशातून येतो? म्हातारपणी कोण बघेल, या धास्तीतूनच ना? गर्भलिंग निदानाविरुद्ध आपण इतकं काम केलं, पण त्या धास्तीला हात घातला नाही.

यावर पहिला आक्षेप येतो, की मुलांनी सांभाळायला नको का? त्यासाठी २००७ चा कायदा आहेच. प्रांताकडे अर्ज केला तर मुलांकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह खर्च मागता येतो. पण ज्यांच्या मुलांनाच रोज काम मिळत नाही, त्यांनी कुणाकडे मागायचं? आणि पोटच्या पोराविरुद्ध प्रांतापुढं उभी राहणारी आई मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. त्या दिवशीच्या मावशींना मी हा कायदा सांगितला, तर त्या म्हणाल्या, “त्याचंच भागेना, त्याला काय कोर्टात खेचू?”

दुसरा आक्षेप, की असंघटित बायकांचं काम मोजणार कसं, आणि पैसा आणणार कुठून? याला उत्तर महाराष्ट्रानंच पूर्वी दिलेलं आहे. हमालालाही एक मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. पण १९६९ साली माथाडी कायदा झाला. काम करून घेणाऱ्यानं मजुरीबरोबर लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि त्यातून हमालाचा फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी चालवायचं. १९९६ च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बांधकाम मजुरांसाठी बसवला. ‘घरात बसून केलेलं काम मोजता येत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी सोलापूरला जावं. तिथली विडी कामगार बाई आपल्या घरात बसून विड्या वळते, तरी तिचा फंड कापला जातो आणि तिला निवृत्तिवेतन मिळतं. ते फार तुटपुंजं आहे. या योजनेतलं किमान निवृत्तिवेतन २०१४ साली ठरलं ते अवघं हजार रुपये. पण ते तिच्या कामाचं आहे. त्यासाठी तिला निराधार असल्याचा दाखला आणावा लागत नाही. आणि ज्या दुष्काळात मावशींनी खडी फोडली, त्याच दुष्काळातून आपली रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला. पगारदारांच्या पगारातून तो कापला गेला आणि राज्य बुडालं नाही. इच्छा असली की पैसा उभा राहतो, याचा हा पुरावा.

२०१२ साली अरुणा रॉय आणि बाबा आढाव यांच्या पुढाकारानं पेन्शन परिषदेनं दिल्लीत धरणं धरलं होतं. किमान वेतनाच्या निम्मं किंवा दोन हजार रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते निवृत्तिवेतन सगळ्या कष्टकऱ्यांना द्या, अशी मागणी होती. तेव्हा केंद्राचा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाटा दोनशे रुपये होता, आणि पुढे दहा वर्षं उलटून गेली तरी तो तेवढाच राहिला. त्या धरण्यात कष्टकरी बायका मोठ्या संख्येनं होत्या. स्त्री-संघटना म्हणून आपण किती होतो?

म्हणून माझ्या मते आपण काही मागण्या आपल्या जाहीरनाम्यात आणल्या पाहिजेत. पहिली, निवृत्तिवेतनाला उत्पन्नाची अट नको. कर भरणारे आणि सरकारी पेन्शन घेणारे वगळा, बाकी सगळ्यांना द्या. दुसरी, कष्टकरी बाईचं निवृत्तीचं वय पंचावन्न धरा. सन्मानधन देताना सरकारनं ते मान्य केलेलंच आहे. तिसरी, रक्कम किमान वेतनाच्या निम्मी असावी आणि महागाईबरोबर वाढावी. चौथी, घरेलू कामगार मंडळाला माथाडीसारखी लेव्ही लावण्याचा अधिकार द्या. मोठ्या गृहनिर्माण सोसायट्यांपासून सुरुवात करता येईल. पाचवी, साठीला नोंदणी संपवू नका. कामगार बाई म्हातारी झाली तरी तिची ओळख कामगार हीच राहिली पाहिजे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात काही नाही असं मात्र नाही. मैत्रिणींनो, आपण बैठकांना जातो तेव्हा आपल्यातल्या अनेकींच्या घरी कुणी दुसरी बाई पोळ्या लाटत असते. तिच्या म्हातारपणासाठी आपण काय ठेवलं आहे? १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यानं एक माप घालून दिलं, नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. ते घरकाम करणाऱ्या बाईला लागू नव्हतं. पण आपल्याला आपणहून लावून घ्यायला कुणी अडवलं आहे? महिना दोन हजारांवर एका घरी वीस वर्षं काम केलेल्या बाईला ढोबळमानानं वीस हजार होतात. सात घरांनी असे दिले असते, तर आमच्या मावशी गुडघे दुखत असताना आज फरशीवर बसल्या नसत्या. आणि आपल्या स्वतःच्या संस्था? प्रकल्प संपला की कार्यकर्तीचं मानधन संपतं. वीस-पंचवीस वर्षं वस्तीत काम केलेल्या आपल्याच कार्यकर्त्या फंडाशिवाय, पेन्शनशिवाय घरी बसल्या आहेत. मीही याच क्षेत्रात पगार घेते, आणि माझ्या साठीचा विचार मी कालपरवापर्यंत केला नव्हता. दुसऱ्यांना हक्क सांगताना हे बोलायला संकोच वाटतो. पण तो संकोच सोडायला हवा.

मावशींचा अर्ज आम्ही शेवटी भरला. उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहायचं यावर आमचा अर्धा तास गेला. ‘बसून असते’ असं लिहायला त्या तयार झाल्या नाहीत. “धुणंभांडी करते, असंच लिहा,” म्हणाल्या. अर्ज नामंजूर होऊन आला. कारण लिहिलं होतं, उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त. मावशींनी तो कागद घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला पहिल्या घरी कामावर गेल्या.

तो कागद मी आमच्या गटाच्या बैठकीत वाचून दाखवला. एका बाईनं राबून पोट भरलं याचा तो एकमेव सरकारी पुरावा आहे. तुमच्या वस्तीत, गावात असे कागद घेऊन बसलेल्या बायका असतीलच. त्या अर्जांच्या आणि नकारांच्या प्रती गोळा करा, त्या प्रत्येकीनं आयुष्यात काय काय कामं केली ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या आणि आपल्या या अंकाकडे पाठवा. पुढचा मोर्चा काढायचा तर निवेदनाला तेच जोडू. मागणी निराधारांची नसेल, निवृत्त कामगार बायकांची असेल.